ताईच्या मापाची सायकल

माझी थोरली बहीण गणवेश शिवण्याच्या कारखान्यात कटिंग करते. चोवीस वर्षं झाली. शिवणाऱ्या बाया वेगळ्या. ही फक्त मापं घेते, कागदावर आखते, कापडावर खडूने रेघा ओढते आणि कापते. एकदा कात्री चालली की कापड पुन्हा जोडता येत नाही, म्हणून तिचं टेबल चालू असताना खुद्द मालकही तिच्या वाटेला जात नाहीत. कारखान्यात तिला पाठीमागे 'सव्वा इंच' म्हणतात. शिवणीसाठी जे जादा कापड सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात. बाकीचे इंचभर सोडतात, ही सव्वा इंच सोडते. मालकांनी एकदा कापड वाया जातं म्हणून कुरकुर केली होती. त्याच वर्षी एका रुग्णालयाचे गणवेश घट्ट होतात म्हणून गठ्ठ्याने परत आले, आणि उसवून सैल करता आले ते फक्त ताईने कापलेले. तेव्हापासून मालकांनी तो विषय सोडून दिला.

ही सवय तिला कारखान्यात लागलेली नाही, घरातून लागलेली आहे. आमच्या लहानपणी कपडे वाढत्या अंगाचे घ्यायचे. ताईला कोट घेतला की तो गुडघ्यापर्यंत यायचा आणि बाह्या दुमडाव्या लागायच्या. दोन हिवाळ्यांनी तो तिला बरोबर बसायला लागला की आई म्हणायची, आता धाकटीला दे. म्हणजे अंगाबरोबर बसणारा कोट ताईने कधी घातलाच नाही. तो मी घातला. हे मला चाळिशी उलटल्यावर, भांडी विसळता विसळता ताईच्याच तोंडून कळलं. तिने तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, पण माझं तोंड एवढंसं झालं.

मी दातांच्या दवाखान्यात अपॉइंटमेंटा देते. दिवसभर लोकांना थांबायला सांगण्याचं काम असल्यामुळे माझ्या नाकावर राग असतो. ताई शांत आहे. त्यामुळे तिच्या वाटचा रागही मलाच करावा लागतो.

गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर त्यांच्या कारखान्यात एका सायकल क्लबची ऑर्डर आली. बावीस जर्सी. क्लबच्या म्होरक्या म्हणजे एक डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटक, बोलणं सुरीसारखं. ताईने नमुन्याची जर्सी कापून दिली. बाईंनी ती घातली, आरशात बघितलं आणि म्हणाल्या, "छान आहे. पण आम्ही उभं राहून सायकल चालवत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली सायकलच कटिंगच्या खोलीत आणली. बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची, शर्यतीत असते तसली. रोड बाइक म्हणतात तिला. ती टेबलाला टेकवून बाई वर बसल्या आणि पुढे वाकल्या. ताईने टेप लावला आणि तिच्या लक्षात आलं, वाकलेल्या माणसाची पाठ लांब होते आणि पोट आखूड. बाह्या पुढे वळवून जोडायला हव्यात. चोवीस वर्षांत तिने उभ्या माणसांशिवाय कोणाची मापं घेतली नव्हती. ती म्हणाली, "मला जरा बसून बघू द्या. काय होतं ते अंगाला कळलं पाहिजे."

पुढचं मला त्यांच्या कारखान्यातल्या इस्त्रीवालीने सांगितलं. ताई आधी टेबलाला धरून बसली. मग बाईंनी सायकल अंगणात काढली. ताईने अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या फेरीला गेटमधून सरळ बाहेर पडली. गळ्यात टेप, बोटांना खडू. दहा मिनिटं पत्ता नाही. मालक खिडकीत येऊन उभे राहिले. परत आली तेव्हा कान लाल झाले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अगदी तुमच्यासाठीच बनवल्यासारखी चालवलीत की. उंची सारखी आपली."

त्या संध्याकाळी मला फोन आला.

"मला एक सायकल घ्यायची आहे."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

मी दवाखान्याच्या दारातच थांबले. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईने काहीतरी स्वतःसाठी घ्यायचं म्हटलं यात थांबण्यासारखं काय आहे, असं कोणालाही वाटेल. पण त्यांनी माझी ताई पाहिलेली नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिला नुसतं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं नव्हतं, आमंत्रणही दिलं होतं. थंडी सरता सरता क्लब दरवर्षी तलावापर्यंत जातो. चाळीस किलोमीटर जायचं, चाळीस यायचं, शेवटचे सहा चढाचे. ताईने हो म्हटलं होतं. तिचा 'हो' म्हणजे शिक्कामोर्तब. पण मला धास्ती वेगळीच होती. भाची लहान असताना ताईने एकदा पोहण्याचा क्लास लावला होता. तिसऱ्या आठवड्यात सोडला आणि म्हणाली, माझं मेलं वय आहे का हे? तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. त्यानंतर सतरा वर्षं तिने स्वतःसाठी काही मागितलं नाही. या वेळीही हात हलवत परत आली, तर पुन्हा मागणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

तर आम्ही दोघी सायकल बघायला लागलो. ताईने दोन-अडीच महिन्यांच्या पगाराएवढे पैसे बाजूला टाकले होते. हौसेच्या सायकलीला ते फार नाहीत आणि अगदी थोडेही नाहीत. बारीक चौकटीची एक वही केली. मी तिला म्हटलं, अगं सायकल घेतेयस की लग्न जमवतेयस? तर म्हणाली, "लग्नाला एवढं कुठे बघितलं होतं."

पहिल्या दुकानात सगळं काचेचं. सेल्समनने आल्या आल्या कार्बनची सायकल एका बोटावर उचलून दाखवली. ताईने विचारलं, "वजन कमी, हे कळलं. पण मला चालवायची आहे, उचलून न्यायची नाही. गिअर कसे आहेत?" त्याने बजेट विचारलं. ताईने सांगितलं. त्याचं हसू जागच्या जागी मावळलं आणि त्याने आम्हाला कोपऱ्यातल्या सायकली दाखवल्या, हात लांब करून, लांबूनच. मी त्याला चार शब्द सुनावणार होते, पण ताईने माझा दंड धरला आणि बाहेर काढलं.

एका जिन्याखालच्या अरुंद दुकानात आम्हाला मिस्त्री भेटले. जाड चष्मा, हाताला कायमचं ग्रीस, बोलायला पैसे पडत असावेत असं बोलणं. विकायला फार सायकली नव्हत्या, दुरुस्तीचंच काम. पण ताईने वही उघडल्यावर ते स्टुलावर बसले.

"या पैशात फ्रेम चांगली बघा. बाकीचं पुढे बदलता येतं. ॲल्युमिनियम चालेल. पुढचं चाक धरणारा चिमटा कार्बनचा मिळाला तर घ्या, हाताला धक्के कमी बसतात. चढ आहे म्हणता? मग मागचं सगळ्यात मोठं चक्र किती दातांचं आहे ते मोजा, कंपनीचं नाव नंतर वाचा. टायर फार बारीक नको, रस्ते आपले माहीत आहेत तुम्हाला. आणि सगळे पैसे सायकलीत घालू नका. हेल्मेट, पंप लागेल, आणि ती पॅड लावलेली..." इथे त्यांचं घोडं अडलं.

"चड्डी," ताई म्हणाली. "पॅड कुठल्या कापडाचं असतं?"

मिस्त्रींना ते माहीत नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला आणि वहीतली मापं बघितली. ताईने पायाची आतली लांबी, धड, हात, सगळं लिहून आणलं होतं. "माझं काम तुम्हीच केलंत," ते म्हणाले. "तुम्हाला अठ्ठेचाळीस नंबरची फ्रेम लागेल. छोटी असते ती, दुकानात सहसा नसते. थांबा जरा. वापरलेली चांगली मिळाली तर बघतो."

थांबायला सांगितलेलं मला आवडत नाही, कारण मी तेच दिवसभर करते.

पुढच्या रविवारी तिसऱ्या दुकानात ती दिसली. गर्द निळी, कोरी, गेल्या वर्षीचं मॉडेल म्हणून किंमत खाली आणलेली. चिमटा कार्बनचा, मागचं चक्र मोठं, ब्रेक नीट, अगदी वहीत लिहिल्याबरहुकूम. फक्त नंबर बावन्न. दुकानदार म्हणाला, "नंबराचं काय घेऊन बसलात, सीट खाली घेतली की झालं." ताई सायकलीभोवती दोनदा फिरली, तिने वही उघडली, मिटली. आणि मी, शहाणी, मध्ये तोंड घातलं. "घे गं ताई. मोठी आहे तर भाऊजींनाही चालेल, लेकीलाही चालेल. घरात एक चांगली सायकल होईल."

तिचा चेहरा एकदम उजळला. आता मला कळतं की तो का उजळला. एकटीसाठी एवढे पैसे घालवायचे हे तिच्या मनाला टोचत होतं आणि मी तिला सुटायला वाट करून दिली.

"हो ना," ती म्हणाली. "लहान पडली तर काही करता येत नाही. मोठी असली तर बसवून घेता येते."

सायकल घरी आली आणि घरात आनंदीआनंद झाला. भाऊजी पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचतात, सहा फूट उंच, पायात भिंगरी. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी सीट वर केली आणि तासभर गायब झाले. भाची बापाच्या वळणावर गेलेली, तीही उंच. तिने सायकलचे फोटो काढून सगळ्या जगाला पाठवले. ताई पहाटे चालवायची. म्हणजे आधी पान्याने सीट खाली करायची, मग चालवायची. सीटच्या दांड्यावर तिने आपली खूण खडूने करून ठेवली होती. भाऊजी संध्याकाळी सीट वर करायचे, ती सकाळी खाली करायची. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. तिघांत सगळ्यात कमी ती ताई चालवत होती, एवढंच.

दोन-तीन आठवड्यांनी दुखणी सुरू झाली. दहा-बारा किलोमीटर झाले की करंगळीला मुंग्या यायच्या, मग शेजारच्या बोटाला. मान आखडायची. सीटवरून ती सारखी पुढे सरकायची. तिने कोणाला सांगितलं नाही. मला कळलं तेही इस्त्रीवालीकडून, की कापता कापता ताईच्या हातून कात्री निसटली आणि फरशीवर पडली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

आम्ही मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी सायकल बघितली, ताईला बघितलं. हँडल धरणारा पुढचा तुकडा आखूड बसवला, सीट जेवढी पुढे येईल तेवढी आणली. "आता यापुढे काही सरकत नाही, बाई," म्हणाले. 'मी सांगितलं होतं' असं एकदा तरी म्हणाले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

थोडा फरक पडला, पण पंधराव्या किलोमीटरला मुंग्या होत्याच. डिसेंबर संपत आला होता. एका रविवारी ताई स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून मला म्हणाली, "मी डॉक्टरीणबाईंना फोन करून नाही म्हणून सांगते. वय झालं गं. नाही सोसत."

"अगं त्या तुझ्यापेक्षा मोठ्या आहेत!"

"त्यांना सवय आहे."

"आणि तू महिन्यात हात टेकणार? पोहण्यासारखं?"

मी जरा जास्तच बोलले. ती रडली नाही. तिने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. "हे हात कामाचे आहेत माझे," ती म्हणाली. "हे गेले तर मी काय करू?"

मला स्वतःचीच चीड आली.

फोन करण्याआधी तिला एक काम उरकायचं होतं. क्लबने तिच्यासाठी तेविसाव्या जर्सीचं कापड दिलं होतं. जात नसले तरी कापड अडकवून कशाला ठेवू, शिवून देऊन टाकते, कोणालातरी होईल, असं तिचं म्हणणं. आणि कोणालातरी होईल असं म्हणूनही तिने मापं मात्र रीतसर घ्यायची ठरवली, कारण अंदाजे कापणं तिला जमत नाही. सायकल टेबलाला टेकवली. ती वर बसून वाकली, मी टेप धरला. मानेच्या मणक्यापासून कंबरेपर्यंत, मणक्यापासून खांद्यावरून मनगटापर्यंत, दोन्ही खांद्यांमधली पाठ. मी आकडे वाचले, तिने वाकल्या वाकल्याच मला वहीत लिहायला लावले. मग उतरून हात झटकले आणि कागद पसरून आखायला बसली.

मी चहा टाकला. तो उकळून वर यायला लागला तरी टेबलावरून कागदाचा आवाज येईना. वळून बघितलं तर ताई पेन्सिल हातात धरून कागदाकडे टक लावून बघत होती.

"हा कोणाचा आहे?" तिने विचारलं.

"काय कोणाचा? तुझाच. आत्ताच नाही का मापं घेतली?"

"नाही."

तिने कारखान्याची पिशवी उघडली. क्लबच्या बावीस जणांचे कागद गुंडाळून ठेवलेले होते. त्यातला डॉक्टरीणबाईंचा काढला आणि आपल्या कागदावर पसरला. उंची सारखी, बांधा सारखा. पण खालचा कागद वरच्याच्या बाहेर डोकावत होता. पाठीला दोन इंच, बाहीला दीड.

"बघ," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "बाई सायकलीवर बसतात तेव्हा त्यांचा कोपर वाकलेला असतो. हे बघ, इथे मी खूण केली होती. मी बसते तेव्हा माझा हात काठीसारखा सरळ. खांदे पुढे ओढलेले, पाठ ताणलेली. अशी वाकत नाही गं बाई. अशी ओढली जाते." तिने पेन्सिल ठेवली. "वयाचं काही नाही. सायकल मोठी आहे. मी तिच्यावर बसत नाही, लटकते."

मी म्हटलं, "मिस्त्री सांगत होते..."

"मला माहीतच होतं. मीच लिहिलं होतं ना वहीत, अठ्ठेचाळीस. दुसऱ्याचं माप असतं तर मी हजार वेळा सांगितलं असतं, की माप अंगाचं घ्यायचं, घरातल्या सगळ्यांचं मिळून नाही."

"मी म्हणाले होते घे म्हणून," मी म्हटलं. हे बोलायला मला महिना लागला होता.

"तू म्हणालीस," ताई म्हणाली, "आणि मी ऐकलं." आणि ती हसली. तिला हसताना बघून माझा जीव भांड्यात पडला. इकडे चहा उतू जाऊन शेगडीवर पसरला होता.

भाऊजी संध्याकाळी सायकल पुसत होते तेव्हा ताईने सांगून टाकलं. "अहो, ही विकायची."

"विकायची?" त्यांना काही कळेना. "अगं, चांगली चाललीये की!"

"तुम्हाला चांगली चाललीये."

भाऊजींच्या हातातलं फडकं थांबलं. मला वाटलं आता काहीतरी होणार. मी भांडायला पदर खोचून तयारच होते. पण त्यांनी सायकलीकडे बघितलं, मग सीटच्या दांड्यावरच्या खडूच्या खुणेकडे बघितलं. ती खूण त्यांच्या सीटच्या चार बोटं खाली होती. "रोज सकाळी तू खाली करायचीस?" त्यांनी विचारलं. ताईने मान हलवली. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. "मला वाटायचं आपोआप घसरते," म्हणाले.

मग त्यांनीच तिला आरशासारखी लख्ख पुसली, अंगणात नीट उजेडात उभी करून फोटो काढले आणि जाहिरात दिली. उंच माणसांनीच विचारावं, असंही त्यात लिहिलं. विकली गेली तेव्हा घेतलेल्या किमतीच्या पाऊण हिश्श्याएवढेच पैसे हाती आले. ताईला ते लागलं. दोन दिवस तिने त्याचा विचार केला आणि मग सोडून दिला.

मिस्त्रींनी आम्हाला दुकानात शिरताना बघितलं आणि काही न विचारता मागच्या खोलीत गेले. येताना एक सायकल घेऊन आले. रंग कावीळ झाल्यासारखा पिवळा, फ्रेमवर दोन ओरखडे, हँडलची पट्टी मळलेली. नंबर अठ्ठेचाळीस. एका शाळेतल्या शिक्षिकेची होती, तिने दुसरी, वजनाने हलकी घेतली म्हणून ही दिली होती. "ब्रेकच्या तारा नव्या टाकल्यात, चेन नवी. चिमटा कार्बनचा. चक्र चढाचं," मिस्त्री म्हणाले.

"कधी आली?" ताईने विचारलं.

"महिना झाला."

"आणि विकली नाही?"

"कोणी विचारलं नाही," मिस्त्री म्हणाले. मागच्या खोलीत ठेवलेली सायकल कोण विचारणार? मी त्या माणसाबद्दल मनात जे जे बोलले होते ते सगळं मागे घेतलं.

ताई बसली. एक पाय फूटपाथवर, हात हँडलवर. कोपर वाकला. तिने स्वतःच तो वाकलेला कोपर बघितला. चौकापर्यंत गेली, आली. पुन्हा गेली, आणि या वेळी यायला वेळ लागला. मिस्त्री दारात उभे राहून हाताचं ग्रीस पुसत होते. "हं," ते म्हणाले. मला वाटतं, त्यांनी आयुष्यात दिलेली ती सर्वांत मोठी शाबासकी असावी.

घरी भाऊजींनी हौसेने बसून बघितलं, तर गुडघे हँडलला आपटले. भाची हसून लोळली. "ही काही मला चालायची नाही," भाऊजी उतरत म्हणाले. ताई म्हणाली, "नाहीच चालायची." एवढंच म्हणाली, पण तिला झालेलं समाधान लपत नव्हतं, आणि तिने ते लपवलंही नाही.

त्यानंतर दीड महिना ती रोज पहाटे गेली. वीस, मग तीस, मग एकदा पन्नास किलोमीटर. मुंग्या आल्या नाहीत. पाय दुखले, पण ते दुखणं वेगळं. ते ती मला हौसेने, दाखवून दाखवून सांगायची. डॉक्टरीणबाईंना फोन तिने केला, येते म्हणून सांगायला.

तलावाच्या रविवारी भाऊजी आणि मी बसने आधीच वर जाऊन थांबलो. तलावाच्या काठी रस्त्याला एक रुंद जागा आहे, सगळे तिथेच थांबतात. आम्ही थर्मास नेला होता. दहाच्या सुमारास क्लबचे लोक यायला लागले. एकेक जण चढ संपवून यायचा, सायकल भिंतीला लावायचा आणि धापा टाकत पाणी प्यायचा. डॉक्टरीणबाई आल्या. सतरा झाले. एकोणीस झाले. मी खालच्या वळणाकडे डोळे लावून उभी होते. भाऊजी दर मिनिटाला घड्याळ बघत होते आणि मी त्यांना दर मिनिटाला, बघू नका, म्हणत होते.

"येतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चढावर मी त्यांना मागे टाकलं, तेव्हा गुणगुणत होत्या."

आणि मग वळणावर पिवळा रंग दिसला. ताई सीटवर बसूनच, सावकाश, एका लयीत चढ चढत होती. चेहरा लालबुंद, तोंड उघडं. मी ओरडले, नाचले, काय काय केलं ते सांगत नाही. भाऊजींनी गडबडीने कपात चहा ओतला. ती आमच्यापर्यंत आली, तिने आम्हाला बघितलं, हँडलवरचा एक हात उचलून हलवला, आणि थांबली नाही.

"ताई! अगं इथेच थांबायचंय!"

"आलेच!" ती म्हणाली आणि पुढे गेली. रस्ता तलावाला वळसा घालून पलीकडे झाडांत शिरतो. ती झाडांत शिरली आणि दिसेनाशी झाली.

भाऊजी कप हातात घेऊन उभे. "ही कुठे चालली?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं. आणि मला रडू फुटलं, दुःखाचं नव्हे, सगळ्यांच्या देखत, आणि मी ते आवरलंही नाही. आमच्या घरात कोणी कुठे चाललं की ताईला सांगून जायचं. ताई कुठे चालली हे विचारायची वेळ आमच्यावर कधी आलीच नव्हती.

ती चाळीस मिनिटांनी परत आली. चहा गार झाला होता. तिने तो तसाच एका घोटात संपवला आणि कप पुढे केला. उशीर झाला म्हणून तिने कोणाचीही माफी मागितली नाही.